एका देवाच्या दोन पालख्या

आबा, यंदा दसऱ्याला आपल्या गावातून एकच पालखी निघाली. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला लांबण लावलेलं आवडायचं नाही आणि मला ते लावल्याशिवाय राहवत नाही.

पितृपक्ष संपला की इथे जे ऊन पडतं, त्याला शहरातले लोक ऑक्टोबर हीट म्हणतात आणि पंखे वाढवतात. तुम्ही त्याला झेंडूचं ऊन म्हणायचात. आता झेंडू नाही, वाफे होते तिथे चौदा मजल्यांचं काहीतरी उभं आहे, पण ते ऊन नेमानं येतं आणि मला जुने दिवस दिसायला लागतात. खंडेनवमी आहे, आई आणि मी वाकून फुलं खुडतोय, तुम्ही टेम्पोत उभे राहून पाट्या रचताय आणि मार्केट यार्डात कोणता आडत्या कोणत्या पुढाऱ्याचा माणूस ते आम्हाला ऐकवताय. झेंडूचं आणि मतदाराचं नशीब एकच, असं तुमचं मत होतं. आज तोरणात, परवा उकिरड्यावर. सरपंच झाल्यावरही तुम्ही हे म्हणायचात, हे विशेष.

त्या सरपंचकीनंच सगळं नासवलं. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला तुमचे धाकटे सख्खे चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका. एका ताटात जेवलेले दोघे, आणि प्रचारात एकमेकांच्या आजोबांचा उद्धार करत होते. आजोबा एकच होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. तुम्ही निवडून आलात. गुलालाची मिरवणूक काकांच्या दारासमोर आली आणि हलगी तिथे जरा जास्तच वेळ वाजली. तुम्ही हात वर केला असतात तर थांबली असती. त्याच दसऱ्याला काकांनी वेगळी पालखी केली. भैरोबाचा मुखवटा आपल्याकडे राहिला, पादुका ते घेऊन गेले. सीमोल्लंघनाला आपली पालखी पूर्वेच्या ओढ्याकडे जायची आणि त्यांची पश्चिमेच्या माळाकडे. देवाला कोणत्या शिवेवर जायचंय, ते कुणी विचारलं नाही.

मी तेव्हा शाळेत होते. आपट्याची पानं घेऊन सवयीनं काकांच्या घरीही सोनं देऊन आले. काकूंनी हातावर करंजी ठेवली, ती खातच मी आपल्या दारात आले. तुम्ही ओरडला नाहीत. पागोटं काढून खुंटीला लावलंत आणि म्हणालात, "सोनं देऊन आलीस, आता घराच्या किल्ल्याबी देऊन ये." ती करंजी मला गिळवेना. त्यानंतर मी त्या दारात गेले नाही, आणि मोठी झाल्यावर कळलं की भांडण वारशानं येतं, त्याला सही-अंगठा काही लागत नाही. सातबाऱ्यावर नाव चढतं तसं ते आपोआप चढतं.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी गाव महापालिकेत गेलं. ज्या खुर्चीसाठी एवढं रामायण झालं, ती खुर्चीच राहिली नाही. पंचायतीच्या खोलीत आता सफाई कामगारांची आरोग्य कोठी आहे. तुम्ही बसायचात तिथे झाडू उभे असतात आणि खरं सांगायचं तर पूर्वीच्या सदस्यांपेक्षा शिस्तीत असतात. पाणी मात्र तुमच्या वेळी "पुढच्या वर्षी" यायचं, तसं ते अजूनही पुढच्याच वर्षी येणार आहे. दसऱ्याच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर देव नखाएवढा आणि पुढारी दाराएवढा असतो. सगळं बदललं, पालख्या मात्र दोनच राहिल्या. काका वाकत चालले होते. दर दसऱ्याला मला धास्ती वाटायची की हेही जातील आणि मग भांडण मिटवायला माणूसच उरणार नाही, नुसतं भांडण उरेल.

यंदा पुलाचं काम निघालं आणि गावातून जायला रस्त्याची एकच बाजू उघडी राहिली. दोन्हीकडची मंडळी परवानगीला चौकीत गेली. फौजदारांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवून शांतपणे वाचले. "पालखी एकच निघेल," ते म्हणाले. "देव दोन असतील तर तसं लिहून द्या." तसं लिहून द्यायला कुणी धजेना. भल्याभल्या पंचांना जमलं नाही ते त्या माणसानं चहा गार व्हायच्या आत केलं.

देवळात बैठक बसली. काका खांबाला टेकून बसले होते, ते एकदम बोलले, "मुखवटा अन् पादुका एकात बसवा. पर पुढचा उजवा खांदा थोरल्याच्या घरचा हाय. तिथं दुसरं कुणी लागायचं न्हाई." मी म्हटलं, काका, आमच्या घरात आता मी एकटीच आहे. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कितीतरी वर्षांनी पाहिलं. "मग तू ये. खांदा हाय न्हवं तुला?"

एकदोघांची कुजबुज झाली, बाईमाणूस म्हणून. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दसऱ्याला संध्याकाळी मी पदर खोचून उजवीकडे उभी राहिले आणि डावीकडे काका. ते वयानं वाकलेले, मी जन्मतःच बुटकी, त्यामुळे पालखी अगदी सपाट चालली. मागच्या तरण्या पोरांना मात्र गुडघ्यात वाकून चालावं लागलं. माझे गुडघे दुखत होते, खांदा सोलवटला होता, आणि आबा, मला इतकं हलकं वाटत होतं की मधेच हसू आलं. काकांना वाटलं मी दमले. त्यांनी विचारलं, "बदली देऊ का?" मी नको म्हटलं.

शीव कोणती, हा प्रश्न होताच. शहराची हद्द आता घाटापलीकडे गेली आहे. ती ओलांडायची तर देवाला स्वारगेटहून एसटीत बसवावं लागलं असतं. शेवटी तुमचाच ओढा ठरला. तो पाइपात घातलाय आणि वर पेट्रोल पंप आहे, पण हवा भरायच्या यंत्रामागे आपलं आपट्याचं झाड अजून उभं आहे. पंपावरच्या माणसानं गाड्या थोपवल्या आणि आम्ही पलीकडे गेलो.

पालखी टेकवल्यावर काकांनी माझ्या हातावर पानं ठेवली. आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं पाहून त्यांनी हळूच विचारलं, "शेवटाला त्यो माझं कधी इचारायचा का गं?"

आबा, तुम्ही अंथरुणाला खिळलात ते दिवस मला आठवले. रोज सकाळी डोळे उघडले की तुमचा पहिला प्रश्न ठरलेला, "त्यो आला न्हाई ना?" मी नाही म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "येऊ दी तर खरं, तंगडंच मोडतो." आणि दुपारी पुन्हा तेच विचारायचात.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, ते इथेच राहील. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. मी काकांना म्हटलं, "रोज विचारायचे." ते तिथेच पंपाच्या कठड्यावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत राहिले. तुम्ही कसं विचारायचात, ते मी सांगितलं नाही.