एक जूनला जन्मलेलं गाव

खोपट, ठाणे
जुलै १९९९

प्रिय लक्ष्मी,

तुझी मंजूताई जिंकली! हे वाक्य आधी लिहून टाकते, नाहीतर नेहमीसारखी आईचे गुडघे, बाबांचा खोकला करत बसेन आणि मुद्द्याची गोष्ट राहून जाईल. गुडघे आहेत तसेच आहेत, खोकला गेला. आता ऐक. गोष्ट स्कॉलरशिपची आहे. हो, त्याच. पडली ना कपाळाला आठी? पडू दे. वर्षभर त्या शब्दावर तू कोणाचं एक अक्षर ऐकून घेतलं नाहीस. आज मी बोलणार आणि तू ऐकणार, कारण मी मोठी आहे आणि पत्राला उलट उत्तर देता येत नाही.

मी आपल्या समाजाच्या शिक्षण निधीत नोकरीला लागले हे तुला कळलं असेलच. ज्या कॉम्प्युटरने गेल्या वर्षी तुझं नाव यादीत आणलं नाही, त्याच्यासमोर तुझी सख्खी बहीण बसते म्हटल्यावर तू मला मनातल्या मनात काय काय म्हणाली असशील याची मला कल्पना आहे. एसटी डेपोसमोर, फरसाणवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस. एक कॉम्प्युटर इथे, दुसरा कल्याणला, आणि मधे टेलिफोनची तार. तिकडचे अर्ज कल्याणला टाइप होतात आणि मोडेम नावाच्या एका डब्यातून किरकिर करत आमच्याकडे येतात. आमचे अध्यक्ष दाजीशेठ यांनी दारावर मोठी पाटी लावली आहे, ‘ऑनलाइन शिष्यवृत्ती’. ऑनलाइन म्हणजे काय, हे त्यांना विचारायची कोणाची छाती नाही.

पहिले काही दिवस मी रडकुंडीला आले होते गं. कल्याणचे अर्ज अर्धे यायचे आणि लाइन तुटायची. मोडेमला आणि चौकशीला फोन एकच! कोणीतरी ऑफिसात येऊन ‘माझा अर्ज निघाला का?’ असं कल्याणला विचारायला तो फोन उचलला, की येणारा अर्ज वाटेतच गारद. अर्ज पोचत नाहीत म्हणून लोक फोन करणार आणि लोक फोन करतात म्हणून अर्ज पोचणार नाहीत. शेवटी मी चौकशीची वेळ सकाळची ठरवली, दुपारी फोनच्या रिसीव्हरला सुतळी बांधली आणि आमचा शिपाई विठ्ठल याला राखणीला बसवलं. मग एंटरचं बटण अडकायला लागलं. कीबोर्ड उलटा करून झटकला तर आतून काय पडावं? अक्षता! आणि झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या. गेल्या दसऱ्याला विठ्ठलने मशीनची यथासांग पूजा केली होती. मी ओरडले तर मलाच म्हणतो, “ताई, पूजा केली म्हणून तर येवडा तरी चालतंय.” आता पुढच्या दसऱ्याला त्याने वरच्या झाकणाला हळदकुंकू लावायचं आणि अक्षता माझ्या हातात द्यायच्या, असा आमचा तह झाला आहे.

पण खरा रोग वेगळाच होता. डोंबिवलीच्या, कल्याणच्या बिल्डिंगांमधल्या मुलांचे अर्ज तिकडून आले की जेवढ्यास तेवढे दिसायचे. आपल्या खाडीकाठच्या गावांचे मात्र गठ्ठेच्या गठ्ठे मी टाइप करायची आणि यादी काढली की प्रत्येक गावातून चार-दोन टाळकी! गावात बोलणं सुरूच होतं की मशीन बिल्डिंगवाल्यांचं आहे, त्याला मिठागरातली पोरं चालत नाहीत. दाजीशेठनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, यंदाही अशीच यादी निघाली तर मशीनला कुलूप आणि पूर्वीसारखी पंचांनी नावं द्यायची. पंचांनी नावं द्यायची म्हणजे काय ते तुला सांगायला नको. इतक्या वर्षांत आपल्या गावातून पंचांनी एका तरी पोरीचं नाव दिलं होतं का? म्हणून मी इरेला पेटले. आणि खोटं कशाला बोलू, प्रत्येक वेळी ती तोकडी यादी बघताना मला तूच दिसायचीस, बारावीचं गुणपत्रक छातीशी धरून फार्मसीच्या प्रवेशाची वाट बघणारी.

मग एक दिवस गोदूबाई आणि आवडाबाई आल्या. आपल्या खालच्या आळीतल्या, दोघी भोईर. मासळीच्या पाट्या रिकाम्या करून थेट ऑफिसात. गोदूबाईला मुलाचा अर्ज भरायचा होता, आवडाबाईला मुलीचा. मी त्यांच्या डोळ्यांदेखत आधी मुलाचा टाइप केला, मग मुलीचा. झालं म्हटलं, पण गोदूबाई कसली जागची उठते! म्हणाली, “मना दाखव. माजे पोऱ्याचा नाव मी डोल्यांनी बघीन मंगच जाईन.” दाखवायला गेले तर मुलगा गायब! पुन्हा टाइप केला, तर मुलगा आला आणि आवडाबाईची मुलगी गेली. आता आवडाबाई उभी राहिली. “तुजे पोऱ्यानी माजी पोर खाल्ली!” दोघींची अशी जुंपली की खालचा फरसाणवाला झारा घेऊन वर आला. आणि मी मात्र खुर्चीत बसून हसत होते. लक्ष्मी, मला तेव्हा चोर दिसला होता. दोन्ही अर्जांवर आडनाव तेच, गाव तेच आणि जन्मतारीखही तीच, एक जून.

आठवतात ना आपले चांगदेव गुरुजी? पोराला शाळेत नेलं की हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. जन्म कधीचा विचारावं तर आया सांगणार, नारळी पुनवेनंतर, होडी नवी घेतली त्या साली. गुरुजींनी ते कुठे लिहायचं? शाळा जूनमध्ये उघडते, लिहा एक जून, आणि एका वर्गातल्या सगळ्यांना साल तेच. आपलं अख्खं गाव एक जूनला जन्मलेलं आहे! तू, मी, आपले बाबा, सगळे. आता हा प्रोग्राम लिहिला श्रीपादने, डोंबिवलीच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या माझ्या सरांनी. सर कसले, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. एकच मुलगा दोन पंचांकडून दोन अर्ज भरतो अशी निधीची तक्रार होती, म्हणून त्याने युक्ती केली की आडनाव, गाव आणि जन्मतारीख जुळली तर तो एकच माणूस समजायचा आणि आधीचा अर्ज काढून टाकायचा. घरचं नाव एक आणि शाळेचं दुसरं असतं, म्हणून नावाकडे बघायचंच नाही. बिचारा प्रसूतिगृहात जन्मलेला, दाखल्यावर तास-मिनिटासकट वेळ असलेला. अख्खं गाव एका दिवशी जन्मतं हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. मी सांगितलं तेव्हा त्याने डोक्याला हात लावला, तो बराच वेळ काढला नाही.

इलाज सोपा निघाला. खाडीत एकाच देवीच्या नावाच्या किती होड्या असतात, म्हणून तर प्रत्येकीवर नंबर रंगवलेला असतो. तसा प्रत्येक अर्जाला त्याचा स्वतःचा नंबर दिला, की कोणी कोणाला खाणार नाही. पण नुसती यंदाची मुलं वाचून माझं समाधान होणार नव्हतं. मी श्रीपादला विचारलं, काढून टाकलेले अर्ज जातात कुठे? तो म्हणाला, जात नाहीत. मशीन त्यांच्यावर नुसती फुली मारतं आणि लपवतं, कायमचे पुसायचे तर वेगळा हुकूम द्यावा लागतो आणि तो द्यायचा माझ्याकडून राहूनच गेला. त्या आळसाला माझा साष्टांग नमस्कार! मी लगेच काही केलं नाही. म्हटलं, आता जे काय व्हायचं ते सगळ्यांच्या साक्षीने होऊ दे.

रविवारी पंचांची सभा होती, मशीनला कुलूप घालायची. गोदूबाई आणि आवडाबाई बोलावणं नसताना येऊन पुढेच बसल्या. आपला राघोकाका पंच म्हणून शेवटच्या खुर्चीत होता. दाजीशेठ बोलायला उठले, त्याआधी मीच उभी राहिले. म्हटलं, एक विचारते, मग खुशाल कुलूप घाला. इथे ज्यांचा जन्म एक जूनचा आहे त्यांनी हात वर करा. आधी सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग एक हात वर आला, दुसरा आला, आणि बघता बघता सगळे हात वर. दाजीशेठचासुद्धा! खाली राहिला तो मी मुद्दाम बोलावलेल्या एकट्या श्रीपादचा. मी म्हटलं, या मशीनला तुम्ही सगळे मिळून एकच माणूस आहात. असा हशा उठला म्हणून सांगू! मग मी गेल्या वर्षीची फाइल उघडली आणि फुल्या काढायचा हुकूम टाइप केला. नावं परत आली, लक्ष्मी. एकाखाली एक, पडदा भरला तरी येतच राहिली. विठ्ठल मोठमोठ्याने वाचत होता आणि गोदूबाई प्रत्येक नावाला ‘हा आमचा, ही आमची’ म्हणत होती. दाजीशेठनी डोळे पुसले आणि तिथल्या तिथे ठराव केला, की मशीन राहणार आणि गेल्या वर्षी हरवलेल्यांना यंदा सगळ्यांच्या आधी मंजुरी मिळणार. माझ्या आयुष्यात इतक्या टाळ्या मी माझ्यासाठी ऐकल्या नव्हत्या, आणि मला त्या फार आवडल्या.

तुझं नाव होतं. ‘भोईर लक्ष्मी’, आणि लगेच त्याच्याखाली ‘भोईर कान्हा’. तू वरती, आपला चुलतभाऊ खाली. आधीचा अर्ज जातो आणि नंतरचा राहतो, म्हणून तू गेलीस आणि काकाचा कान्हा राहिला. तुझं फार्मसीचं वर्ष गेलं ते इथे. शेजारच्या रतनच्या हळदीत सगळ्या मांडवासमोर तू काकाला म्हणालीस की पोरासाठी पुतणीचं नाव खाल्लंस, आणि दुसऱ्या दिवशी पेटी उचलून खडवलीला मावशीकडे निघून गेलीस. काकाने देवीची शपथ घेतली, तरी कोणी विश्वास ठेवला नाही. पंच तोच, यादीत मुलगा त्याचाच, मग दुसरं काय वाटणार कोणाला? चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण सगळ्यांनी. सभेत तुझं नाव आलं तेव्हा तो खुर्ची धरून उभा राहिला. मी त्याला विचारलं, काका, दोघांचे अर्ज तूच आणून दिलेस, मग लक्ष्मीचा वर कसा? तर म्हणाला, “ती हुशार. म्हनून तिचा वरती ठेवला. कान्हाचा नसता झाला तरी चाललं असतं.” गठ्ठा वरून टाइप झाला, लक्ष्मी. त्याने तुला पहिली ठेवली, म्हणून तू गेलीस. मला तिथेच रडू फुटलं.

आता हे पत्र पोस्टात न टाकता मावशीच्या हाती का पाठवलं ते सांगते. तुझं मंजुरीपत्र मिळालं आहे, फार्मसीचा फॉर्म मी भरून ठेवला आहे, फक्त तुझी सही राहिली आहे. मी स्वतः घेऊन निघाले होते, पण काकाने कागदांची पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाला, मी नेतो. आणि मग दारातच अडखळला. तू तोंडावर दार लावशील अशी त्याला भीती वाटते गं, एवढ्या मोठ्या माणसाला. म्हणून असं ठरलं, की हे पाकीट तो मावशीकडे देईल आणि तू वाचत असशील तेव्हा खडवली स्टेशनच्या बाकावर जाऊन बसलेला असेल. आधी तिला सगळं वाचू दे, म्हणाला, मग तिला वाटलं तर येईल, नाही आली तर मी उद्या पुन्हा येऊन बसेन. आता तुझं वाचून झालं आहे. जा, त्याला घरी घेऊन ये.

तुझीच,
मंजूताई