चुकणारे सूत्रसंचालक परत मिळणेबाबत

प्रति,
मा. कार्यक्रम अधिकारी,
दर्शक अभिप्राय कक्ष,
'गोदातरंग' दूरचित्रवाणी केंद्र,
नाशिक.

अर्जदार : सावळीराम लहानू विधाते, सेवानिवृत्त वरिष्ठ लिपिक, राहणार सिडको, नाशिक.

विषय : दर बुधवारी सायंकाळी दाखवल्या जाणाऱ्या 'दारची बाग' या कार्यक्रमात पूर्वीचे सूत्रसंचालक श्री. योगेश कातकाडे यांना त्यांच्या सर्व चुकांसह पुन्हा नेमणेबाबत.

संदर्भ : १) श्री. कातकाडे यांच्याविरुद्ध अर्जदार व त्याच्या पत्नीने वेळोवेळी पाठवलेले अभिप्राय.
२) सदर अभिप्रायांवर कार्यवाही केल्याबाबतचे आपले आभारपत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार खालीलप्रमाणे निवेदन सादर करतो.

१) प्रथम एक खुलासा. श्री. कातकाडे यांच्याविरुद्ध आपल्याकडे सर्वांत जास्त अभिप्राय ज्या घरातून आले, ते घर अर्जदाराचेच. आता तोच माणूस त्यांना परत आणा म्हणतो, म्हणजे याचे डोके फिरले की काय, असे आपणास वाटणे साहजिक आहे. डोके ठिकाणावर आहे. बाकीचे काय ठिकाणावर नाही ते पुढे मांडले आहे. अर्ज लांबला आहे, पण कृपया अर्धवट वाचून शेरा मारू नये.

२) अर्जदाराची पत्नी सौ. कुसाबाई हिचे माहेर पिंपळगाव बसवंतचे, द्राक्षबागेतले. एकुलता मुलगा राजू पिंपळगावलाच एका कोल्ड स्टोअरेजमध्ये कामाला होता. चार वर्षांपूर्वी हायवेवर त्याच्या मोटारसायकलला टेम्पोची धडक बसली आणि तो गेला. याबाबत अर्जदाराची आपल्याकडे काहीही मागणी नाही. पुढचे समजावे म्हणून केवळ नमूद केले आहे.

३) त्यानंतर घरातले बोलणे बंद झाले. भांडण झाले म्हणून नव्हे. भांडण असते तर बरे झाले असते, निदान आवाज तरी झाला असता. अडचण अशी की, कोणतेही वाक्य काढले तरी ते फिरून राजूपाशीच जाऊन बसे. 'भाजी काय करू' म्हणावे, तर त्याची आवडती गिलक्याची भजी आठवत. 'आभाळ भरलंय' म्हणावे, तर खुंटीवरचा त्याचा रेनकोट दिसे. त्यामुळे दोघांनीही एकेक वाक्य सोडून दिले. शेवटी 'जेवायला वाढलंय' एवढेच राहिले, आणि पुढे तेही ताट ठेवल्याच्या आवाजावर भागू लागले. शेजारच्या लंकाबाई एकदा दारातून म्हणाल्या, 'विधातेभाऊ, तुमच्या घरात माणसं हायेत का नाय, तेच कळत नाय.' अर्जदाराने हसून वेळ मारून नेली.

४) टीव्ही मात्र चालू असे. बघत कोणीच नसे, पण घरात कोणीतरी बोलते आहे असे वाटे. अशाच एका बुधवारी आपला कार्यक्रम लागला होता. श्री. कातकाडे पांढराशुभ्र कुडता घालून कुंडीत गुलाबाची काडी लावत होते. कुसाबाई स्वयंपाकघराच्या दारात लसूण सोलत बसली होती. एकाएकी ती मोठ्याने बोलली, 'अहो, हा बाबा काडी उलटी लावतोय! डोळे खाली हायेत, बघा तरी!'

साहेब, काडीवर जिथून पालवी फुटते त्याला आमच्याकडे डोळा म्हणतात आणि तो वरच्या बाजूला ठेवून काडी लावतात. पिंपळगावात हे लहान पोरालाही ठाऊक असते. अर्जदार मात्र टेबलावरचा माणूस, त्यास यातले ओ की ठो कळत नव्हते. तो एवढेच म्हणाला, 'खरंच की गं.' त्यावर ती म्हणाली, 'याला कुणी बसवला तिथं?' आणि ती हसली. बऱ्याच दिवसांनी घरात कोणी हसले होते. अर्जदाराला भरून आले, पण त्याने नजर टीव्हीवरच ठेवली.

५) तेव्हापासून बुधवार हा आमच्या घरातला सण झाला. श्री. कातकाडे यांचे उपकार किती म्हणून सांगावेत! कोरफडीला ते रोज तांब्याभर पाणी घालायला सांगत. कोवळी मेथी त्यांनी गवत समजून उपटली आणि प्रेक्षकांना म्हणाले, 'पाहा, कुंडी कशी स्वच्छ दिसते!' एकदा तर त्यांनी कुंडीला भोकच न पाडता माती भरली. कुसाबाई उठून टीव्हीपाशी गेली आणि ओरडली, 'अरे मेल्या, भोक पाड आधी, तिचा डोह व्हईल!' अर्जदार हसता हसता खुर्चीवरून घसरला. आठवडाभर आम्हाला तो विषय पुरला. ती भाकरी थापता थापता म्हणायची, 'आज तो काय लावील?' अर्जदार अंदाज सांगायचा, आणि ती म्हणायची, 'छ्या, तुम्हाला त्याची लायकीच कळली नाय.'

यातली मुख्य बाब अशी की, श्री. कातकाडे यांच्या चुकांमध्ये राजू कुठेच नव्हता. त्याला झाडाझुडपांची आवड नव्हती. जगात तेवढी एकच गोष्ट उरली होती, जिच्यावर आम्हा नवराबायकोला बिनधोक बोलता येत होते.

६) कार्यक्रमाच्या शेवटी आपण 'आपले अभिप्राय अवश्य कळवा' असे म्हणत होतात. आम्ही कळवू लागलो. ती सांगे, अर्जदार कार्यालयीन भाषेत उतरवून घेई. तिने 'ह्या ठोंब्याला खुरपं धरता येत नाय' म्हणावे आणि अर्जदाराने 'सदर सूत्रसंचालकांची अवजार हाताळणी असमाधानकारक आहे' असे लिहावे. मग तो वाचून दाखवी. ती कान देऊन ऐके आणि म्हणे, 'लय मऊ झालं, अजून जरा तिखट करा.' खाली दोघांच्या सह्या असत. तिची सही सावकाश होई, जिभेचे टोक दातांत धरून. तेवढा वेळ अर्जदार कागद धरून तिच्या शेजारी बसे.

७) येथे अर्जदाराचा एक अंदाज चुकला आणि तो अंदाज केवळ त्याच्यासारख्या माणसाचाच चुकू शकतो. त्याची सगळी नोकरी एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर गेली. तक्रार आली की शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि फाईलला लावायची. पुढे त्या तक्रारीचे काही झाल्याचे त्याने कधी पाहिले नाही, ऐकलेही नाही. त्यामुळे आमच्या अभिप्रायांचेही तेच होईल, याबद्दल तो पूर्ण निर्धास्त होता. आपले केंद्र अभिप्राय उघडून वाचते, इतकेच नव्हे तर त्यावर कार्यवाही करते, ही शंका त्याच्या मनाला शिवली नाही.

आणि आपण कार्यवाही केलीत.

८) आपले आभारपत्र आले, त्या दिवशी घरात आनंदच झाला, हे कबूल केले पाहिजे. 'आपल्यासारख्या जागरूक दर्शकांच्या अभिप्रायांमुळे सूत्रसंचालक बदलण्यात येत आहेत.' कुसाबाईने ते दोनदा वाचायला लावले, शिरा केला आणि लंकाबाईंकडेही वाटीभर पाठवला. कोण्या कार्यालयाने आमचे ऐकले, याचाच आम्हाला इतका हर्ष झाला की आम्ही काय घालवून बसलो ते पुढच्या बुधवारपर्यंत लक्षातच आले नाही.

९) नवीन सूत्रसंचालिका कु. वेदिका सोनजे यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. तक्रार करण्यासारखे त्यांच्यात काही नाही, हीच तक्रार आहे. त्या कृषी पदवीधर आहेत. कुंडीला भोक पाडतात, भोकावर खापरी ठेवतात, काडीचे डोळे वर ठेवतात आणि तसे का ठेवायचे तेही गोड शब्दांत सांगतात. कुसाबाई पहिला सगळा भाग पुढे वाकून बसली होती. आता चुकेल, मग चुकेल. दुसऱ्या भागात ती मागे टेकली. तिसऱ्यात अर्ध्यातच उठली. 'हिला लय येतं,' एवढे म्हणून ती मटकी निवडायला आत गेली. अर्जदाराने जाता जाता म्हणून पाहिले, 'ओढणी मातीत लागतेय बघ तिची.' आत ताटात मटकी तेवढी वाजत राहिली. त्या दिवसापासून बुधवारही इतर वारांसारखाच जाऊ लागला.

१०) अर्जदार हातावर हात ठेवून बसला नाही. त्याने एक काडी आणली आणि गॅलरीतल्या कुंडीत मुद्दाम उलटी लावली. कुसाबाई तिथूनच कपडे वाळत घालायला जाते. ती थबकेल, 'अहो, काय हे?' म्हणेल, तुमच्यापेक्षा तो कातकाडे बरा म्हणेल, अशी त्यास आशा होती. काय काय ऐकून घ्यावे लागेल याची त्याने मनाशी उजळणीही केली होती. एके सकाळी काडी सुलटी झालेली दिसली. माती नीट दाबलेली होती आणि पाणीही घातलेले होते. तोंडातून मात्र अवाक्षर नाही. ती काडी आता फुटली आहे, दोन लालसर पाने आली आहेत. अर्जदारास तिच्याकडे बघवत नाही.

११) जुने भाग तरी पुन्हा बघावेत म्हणून अर्जदाराने आपल्या केंद्रात चौकशी केली. 'दर्शकांच्या तीव्र नापसंतीमुळे ते भाग संग्रहातून कायमचे काढून टाकले आहेत,' असे सांगण्यात आले. मोबाईलवरचेही काढले म्हणे. ही तीव्र नापसंती कोणाची, हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या केंद्राइतके तत्पर कार्यालय अर्जदाराने आयुष्यात पाहिले नाही, आणि देवाने पुन्हा दाखवू नये.

१२) मग अर्जदार एसटीने सिन्नरला गेला. श्री. कातकाडे हल्ली तेथे एका रोपवाटिकेत काम करतात, असे कळले होते. त्यांची गाठ घ्यावी, हातापाया पडावे आणि एका बुधवारी घरी येऊन कुंडीत काहीतरी लावून दाखवा म्हणावे, असा विचार होता. त्यांच्या मनात राग असेल, चार शब्द सुनावतील, त्याचीही तयारी होती. पण त्या भल्या माणसाने अर्जदारास खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, 'काका, तुमच्या अभिप्रायांनी माझं भलं केलं. तिथून निघालो आणि म्हटलं, आता शिकायचंच. एकेक चूक समोर धरून शिकलो.'

त्यांनी हौसेने सगळी रोपवाटिका फिरवून दाखवली. काड्या लावलेल्या पिशव्यांच्या रांगाच्या रांगा होत्या. अर्जदार वाकून वाकून बघत गेला. एक तरी उलटी सापडावी! सगळ्यांचे डोळे वर होते. कोरफड कोरडी ठणठणीत होती. निघताना त्यांनी मोगऱ्याचे रोप भेट दिले आणि पाणी कधी, खत किती, ऊन कसे, ते समजावून सांगितले. एक शब्द चुकीचा नव्हता. अर्जदार रोप मांडीवर घेऊन परतीच्या गाडीत बसला आणि शिंदे गाव येईपर्यंत रडत होता. शेजारच्या प्रवाशाने विचारले, 'बाबा, कुणी गेलं का?' अर्जदाराने होकारार्थी मान हलवली.

घरी आल्यावर कुसाबाईने रोप घेतले आणि गॅलरीत योग्य जागी ठेवले. कोठून आणले ते विचारले नाही.

१३) सबब, विषयात केलेली मागणी निरर्थक झाली आहे, हे अर्जदारास स्वतःलाच मान्य आहे. श्री. कातकाडे परत आले तरी ते आता चुकणार नाहीत. कु. सोनजे यांना आठवड्यातून एक चूक करण्याचा आदेश द्यावा, असेही अर्जदार लिहिणार होता. पण मुद्दाम केलेली चूक कुसाबाई मुकाट्याने सुधारते, हे अनुच्छेद १० मध्ये आलेच आहे. मागण्यासारखे काहीच राहिले नाही. तरीही अर्ज लिहिला, कारण अर्ज लिहिताना पूर्वी ती जवळ येऊन बसत असे. दुपारपासून अर्जदार टेबलाशी बसला आहे. ती दोनदा खोलीतून गेली. एकदा दिवा लावून गेली.

१४) आता एकच विनंती आहे आणि ती पूर्णपणे आपल्या अधिकारातली आहे. या पत्त्यावरून आलेल्या प्रत्येक अभिप्रायावर दोघांच्या सह्या आहेत, हे आपण दप्तरावरून पडताळून पाहावे. या अर्जावर एकच सही आहे. तरी हा अर्ज आपण स्वीकारू नये. 'पत्नीची सही नाही, सबब अर्ज अपूर्ण' अशी त्रुटी काढून, लाल शाईने शेरा मारून, तो परत पाठवावा. कार्यालयाने मागितली आहे म्हटल्यावर अर्जदारास तिच्याजवळ जाऊन 'इथं सही कर' असे म्हणता येईल. या वाक्यात राजू नाही. हे अर्जदाराने पुन्हा पुन्हा मनात म्हणून तपासून पाहिले आहे.

आपण कार्यवाही करणारे कार्यालय आहात. एवढी एक कार्यवाही करावी.

कळावे. आपल्या कार्यक्रमाचे जुने तक्रारदार,

(सही) सावळीराम लहानू विधाते

(सही) ............................
सौ. कुसाबाई सावळीराम विधाते

ठिकाण : नाशिक
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५, बुधवार

सोबत : १) आपल्या आभारपत्राची प्रत.
२) परतीचे पाकीट, पत्ता लिहून व तिकीट लावून.