अभिमानाची भिंत

४ जानेवारी

दुपारभर मीटिंग. आपल्या कॉलेजातून शिकून गेलेले इंजिनियर कुठे कुठे पोचले ते जगाला दिसलं पाहिजे म्हणे. म्हणून नव्या इमारतीत शिरल्या शिरल्या 'अभिमानाची भिंत'. फोटो आणि खाली हुद्दा. पुढच्या महिन्यात तपासणी समिती येणार, त्याआधी उद्घाटन. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, नावं तुम्हीच काढा. तुमच्या हाताखालूनच गेलेत सगळे." गोड बोलून लोढणं गळ्यात!

काढली नावं. सगळ्यात वर ठोक्याचं.

६ जानेवारी

ठोक्याचं नाव उडवलं. प्राचार्यांनी, मला न विचारता. "कामावरून काढलेला माणूस आहे तो, मॅडम. ही अभिमानाची भिंत आहे." बाकीचे खाली बघून चहा पीत होते. चार पीएचड्या, आणि एकाच्याही तोंडातून ब्र नाही.

का काढला कामावरून, ते कोणी विचारलं? उड्डाणपुलाच्या एका खांबाचं काँक्रीट बिघडलं होतं. वरचा साहेब म्हणाला, आजच्या दिवस सही कर, तारीख ठरली आहे. याने केली नाही. याला घालवला आणि वर्षभराने तो खांब गुपचूप फोडून नवा बांधला. पूल पडला असता तर याचं नाव पेपरात आलं असतं. पडला नाही, म्हणून हा बेकार! आता भाड्याच्या दोन खोल्यांत काँक्रीट तपासून देतो. घर बायकोच्या पगारावर चालतं.

विद्यार्थी होता तेव्हापासून दिसेल त्या भिंतीवर बोटाची पेरं ठोकून बघायचा, म्हणून ठोक्या. शेवटच्या वर्षाची मुलं काँक्रीटची तुळई ओततात आणि आम्ही ती यंत्रात घालून मोडतो. मोडण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, "याच्याखाली उभे राहाल का?" सगळे हो म्हणतात. मार्क हवे असतात ना! हा एकटा स्वतःच्या तुळईवर ठोकून म्हणाला होता, "नाही मॅडम, कोपऱ्यात पोकळ वाटतंय." पैकीच्या पैकी दिले होते मी त्याला. आजही देईन.

७ जानेवारी

हे म्हणाले, "निवृत्तीला आलीस. कशाला नसती भांडणं ओढवून घेतेस?" भाजी करपली. मुद्दाम नाही केलं, पण वाईटही वाटलं नाही.

१५ जानेवारी

आता नवीन टूम. आपलं 'सुवर्णपदक', म्हणजे विद्यापीठात पहिला आलेला तो मुलगा, परदेशात कुठल्याशा कंपनीच्या डोक्यावर जाऊन बसलंय. त्याने कळवलंय की पत्र्याचा फलक कसला लावता, मी ग्रॅनाइट देतो. काळाभोर, भिंतभर, त्यावर कोरलेले चेहरे. सगळे वा वा करत सुटले. प्राचार्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. मग मधोमध कोणाचा चेहरा यावर तासभर खल. अर्थात देणाऱ्याचा!

हाच मुलगा प्रयोगाच्या वह्या दुसऱ्यांकडून उतरवून घ्यायचा. हुशार होता, नाही म्हणत नाही. पण मधोमध?

मी उठून म्हटलं, ठोक्या नसेल तर समितीपुढे विभागाची माहिती द्यायला दुसरं कोणी शोधा, मी त्या दिवशी आजारी पडणार आहे. प्राचार्य हसले. मी हसले नाही.

२२ जानेवारी

जिंकले. नाक दाबलं की तोंड उघडतं. चेहरा डाव्या कोपऱ्यात, वर, पण आहे! हुद्द्याच्या जागी 'उद्योजक' लिहिणार म्हणे. लिहा काय लिहायचं ते.

ठोक्याला फोन केला. म्हणाला, "मॅडम, आईला सांगू का? नक्की आहे ना?" सांग म्हटलं. फोन ठेवला आणि राग आला. एवढ्याशा गोष्टीसाठी इतकं झगडायला लागावं?

९ फेब्रुवारी

उद्या उद्घाटन. संध्याकाळी ठोक्या आईला घेऊन आला, गर्दी व्हायच्या आधी तिला निवांत बघता यावं म्हणून. म्हातारी पायरीवर चढली तरी तिचा हात पोचेना. खालूनच बघत राहिली. म्हणाली, "लहानपणासारखाच दिसतोय." मी डोळे पुसत होते.

आणि हा बाबा भिंत ठोकत होता!

मागे गेला, पुढे आला, पुन्हा ठोकलं. म्हणाला, "मॅडम, ही नुसती आडभिंत आहे. हलक्या, पोकळ ठोकळ्यांची. पत्र्यासाठी ठीक होती. ग्रॅनाइट आल्यावर वजनाचा हिशोब कोणी पुन्हा केला?"

कोण करणार? आम्ही सगळे मधोमध कोण यावर भांडत होतो. मीसुद्धा. पण ते मी त्याला बोलले नाही. म्हटलं, लावणाऱ्यांनी बघितलं असेलच.

"बोल्ट धरायला आत काही नाहीये. तुम्ही याच्याखाली उभ्या राहाल का?"

माझाच प्रश्न, मलाच! तेवढ्यात प्राचार्य आले, त्यांनी ऐकलं, चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हा बाहेर बोलत सुटला तर समितीपुढे शोभा होईल. भिंत ठीक आहे असं दोन ओळींत लिहून द्या. विभागप्रमुख तुम्ही. आणि त्याला तुम्हीच आणलंय."

संतापले मी. प्राचार्यांवर नाही, ठोक्यावर. कुठे काय बोलावं याचा पोच नाही या माणसाला! ज्याच्यासाठी मी सगळ्यांशी वाकडं घेतलं, त्यानेच मला मान खाली घालायला लावावी? म्हटलं, "अरे, आजच्या दिवस गप्प बस ना! आई आलीये तुझी. कार्यक्रम होऊ दे, मग बघू."

तो माझ्याकडे बघत राहिला. आईचा हात धरला आणि निघून गेला.

सही करून दिली. रागातच केली. ठोकून बघितलं नाही.

१० फेब्रुवारी

कार्यक्रम झाला. भाषणं, टाळ्या. सुवर्णपदक पडद्यावरून बोललं, "या कॉलेजने मला पाया दिला." ठोक्या आला नाही, त्याची आईही नाही. पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या. कोणीतरी त्यावर हार ठेवले.

घरी येऊन भांडी विसळताना हात थांबला. आजच्या दिवस. हे शब्द माझे नव्हतेच. त्याच्या साहेबाचे होते.

ह्यांना सांगितलं. त्यांनी उरलेली भांडी विसळून ठेवली.

११ फेब्रुवारी

ठोक्याला फोन केला. उचलला नाही. नको उचलू. मी असते तर मीही उचलला नसता. उद्या समिती येऊन गेली की भिंतीचं बघू असं ठरवलं. आणि ठरवताना स्वतःचीच लाज वाटली.

१२ फेब्रुवारी

सकाळी पहिल्या वर्षाची मुलं भिंतीखाली दाटीने उभी राहून फोटो काढत होती. वर नजर गेली. डाव्या कोपऱ्यातल्या बोल्टपासून केसाएवढी भेग. परवा नव्हती, किंवा मी बघितली नव्हती. जिवाच्या आकांताने ओरडले, मुलांना हाताने ओढून बाहेर काढलं, आडवी दोरी बांधली. प्राचार्य धावत आले, "मॅडम, समितीची गाडी फाटकात आलीये, आत्ता नको!" मी पुठ्ठा मागवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'याच्याखाली उभे राहू नये.' खाली सही केली, विभागप्रमुख म्हणून. त्या संध्याकाळी केली होती तीच.