नव्या रायफलला धक्काच नाही

३ ऑक्टोबर
ठरलं. नवी रायफल घ्यायची नाही. जुनीला एकोणपन्नास वर्षं झाली. अजून खालचा दांडा ओढून परत मारला की काडतूस मुकाट्याने नळीत जातं. घरातली माणसं एवढी ऐकत नाहीत.
वाल्फ्रिडने लग्नात अंगठीऐवजी दिली होती. मी तेव्हाच म्हटलं, बरं केलंस, अंगठीने हरीण पडत नाही.
वाल्फ्रिड मार्चमध्ये गेला. जमीन गोठलेली होती, कुदळ शिरेना. कबरस्तानाच्या तळघरात ठेवला आणि मेमध्ये पुरला. लोक विचारतात, कशी आहेस. मी सांगते, हिवाळ्याची लाकडं फोडून झाली.

५ ऑक्टोबर
नेम तपासला. कुंपणाच्या खांबाला पत्र्याचं ताट टांगलं, पन्नास पावलांवरून पाच बार काढले. ताट तसंच चकाकत राहिलं. मागच्या लाकूडखोलीच्या एका फळीला भोक पडलं, बाकीचे चार कुठे गेले देव जाणे.
नळीच्या टोकावरचा नेम धरायचा दाणा वाकडा झालाय. दुसरं काही नाही.
सून शेरिल ओसरीवरून बघत होती. म्हणाली, आई, डोळ्यांच्या डॉक्टरने मोतीबिंदू सांगितलाय ना? त्या डॉक्टरला नवी बोट घ्यायचीय, त्याला सगळ्यांच्याच डोळ्यांत मोती दिसतात.

६ ऑक्टोबर
दाणा मोठ्या भिंगातून बघितला. सरळ आहे. म्हणजे नळीच वाकली.

११ ऑक्टोबर
मुलगा डेल कॉफी प्यायला आला. बापासारखा आहे, दोन कप संपेपर्यंत तोंड उघडत नाही. तिसऱ्याला म्हणाला की हे तिसरं वर्ष आहे, लक्षात आहे ना.
न असायला काय झालं. जंगलातल्या आमच्या कॅम्पचा नियमच आहे. जो तीन हंगाम हरणाविना परत येतो त्याने आपला आडोसा, म्हणजे हरणाची वाट बघत बसायचं मचाण, सोडायचा आणि सगळ्यांसाठी रांधायचं. नियम वाल्फ्रिडने केला, पण राबवला मी. त्याचा धाकटा भाऊ रूडी अकरा वर्षांपूर्वी तीनदा रिकामा आला, तेव्हा एप्रन मीच त्याच्या गळ्यात घातला. तो रडला होता. मी म्हटलं, कांदा चिरताना रड, कोणाला कळणार नाही.
माझा आडोसा दलदलीच्या काठाला आहे, सगळ्यात चांगली जागा. शेरिलचा त्याच्यावर डोळा आहे. तिने गेली दोन वर्षं रस्त्याकडच्या भिकार जागेत बसून दोन हरणं मारली. नशीब.
माझी दोन वर्षं रिकामी गेली ती रायफलमुळे. एकदा वाऱ्यामुळे.

१४ ऑक्टोबर
होक्कानेनच्या दुकानात गेले. घ्यायला नाही, बघायला. बघायला काय लागतं?
नवीत रिकामं काडतूस बाजूने बाहेर पडतं. आमच्या जुनीत ते सरळ वर उडतं, म्हणून वर दुर्बीण बसवता येत नाही. नवीवर बसते. दुर्बिणीतून मी रस्त्यापलीकडच्या बँकेच्या दारावरची पाटी वाचली. बाकीचं सोड, पाटीवरची माशीसुद्धा दिसली. आता सांगा म्हणावं, मोतीबिंदू.
होक्कानेन म्हणाला, दस्त्याला मागून रबर आहे, खांद्याला धक्का जाणवणारच नाही मिसेस कार्वोनेन.
घेतली नाही. मी कुठल्याही दुकानदाराच्या बोलण्यात येत नाही.

१६ ऑक्टोबर
पुन्हा गेले. हातमोजे राहिले होते तिथे. सापडले नाहीत, माझ्याच खिशात होते. तेवढ्यात रायफल परत एकदा हातात घेतली.

२० ऑक्टोबर
रूडी सौना, आमची वाफेची न्हाणी, तापवायला आला. सौनात बसून त्याला सगळं समजावलं, दांडा, दुर्बीण, रबर. तो पाठीवर पाणी ओतत म्हणाला, "वहिनी, नाचता येईना अंगण वाकडं."
 एप्रनवाल्याचं मत कोण विचारतो.

२४ ऑक्टोबर
घेतली.
होक्कानेनने जुनी बदल्यात ठेवून घेतली. दस्त्यावर वाल्फ्रिडने चाकूने कोरलेलं माझं नाव आहे, म्हणून किंमत थोडी कमी धरली. म्हणाला, विचार करा, मी महिनाभर मांडणीवर लावणार नाही. मी म्हटलं, आजच लाव. लोखंड आहे, लेकरू नाही.
लावली. मी तिथेच उभी होते. काही वाटलं नाही. येताना यीस्ट आणि दिव्याचं तेल आणायचं होतं, ते विसरले.

३० ऑक्टोबर
डेल म्हणतो, नवी आहे, चालवून बघ, हाताची सवय होऊ दे. एकोणपन्नास वर्षं दांडा ओढतेय, आता कसली सवय. दुर्बीण होक्कानेनने स्वतः जुळवून दिलीय. रोज संध्याकाळी तेलाच्या फडक्याने पुसते. तेवढं पुरे.

१४ नोव्हेंबर
कॅम्पवर आलो. चौघंच. डेल, शेरिल, रूडी, मी. वाल्फ्रिडची खाट रिकामी ठेवायची का म्हणून डेल घुटमळत होता. मी तिच्यावर पिठाची पोती ठेवली. जागा वाया का घालवायची.
वाल्फ्रिडचा लाल लोकरीचा शर्ट घालून बसणार आहे. लोकर चांगली आहे, इतकंच.

१५ नोव्हेंबर, पहाटे ५
हंगामाचा पहिला दिवस. गावातली शाळा बंद, गिरणी बंद. अख्खा जिल्हा शिकारीचे नारिंगी कोट घालून झाडाखाली. माझा अंदाज: नऊ वाजेपर्यंत काम तमाम.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
खारी दिसल्या. बारा.

१८ नोव्हेंबर
शेरिलने पहाटे रस्त्याकडून सहा टोकांच्या शिंगांचा नर पाडला. एका बारात. सगळ्यांनी हात मिळवले, मीही मिळवला. तिचा हात गरम होता. म्हणाली, आई, तुमच्याकडे याच्याहून मोठा येणार. गोड बोलून लोक जागा बळकावतात. मला ठाऊक आहे, मी तशीच बळकावली होती.
ठराव: तिच्याशी हंगाम संपेपर्यंत बोलायचं नाही. मीठ मागण्यापुरतं चालेल.

२२ नोव्हेंबर, सकाळी १०
आला.
आठ वाजून दहा मिनिटांनी. दलदलीतून बाहेर पडला, आठ टोकांचा, चाळीस पावलांवर आडवा उभा राहिला. फोटो काढून घ्यायला आल्यासारखा. दुर्बिणीतून त्याच्या पापण्यांवरचं दव दिसलं.
मी शांत होते. अगदी शांत. मार्चपासून मी शांतच आहे.
पाच बार काढले. पाचही खांद्याच्या मागे. दांडा लोण्यासारखा चालला. आणि धक्का? शून्य. आवाजसुद्धा कानाला लागला नाही. होक्कानेन खरं बोलला होता, रबर म्हणजे काय चीज आहे. रिकामी काडतुसं बाजूला पडली, ती भुसभुशीत बर्फात बुडाली.
हरीण पाचव्या बारापर्यंत उभं होतं. मग चालत गेलं. पळालं नाही, चालत. म्हणजे लागलं असणारच. धडधाकट हरीण पाच बार खाऊन चालत जात नाही.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
तिघांना घेऊन माग काढला. तीन तास. डेल गुडघ्यांवर, शेरिल वाकून, रूडी एप्रनसकट. रक्ताचा थेंब नाही, केसांचा झुपका नाही. नुसत्या खुरांच्या खुणा, त्याही आरामात टाकलेल्या.
डेल म्हणाला, त्याला बारांचे आवाज आलेच नाहीत. इंजिनाची करवत चालवून त्याचे कान गेलेत. रूडीलाही आले नाहीत, पण तो रेडिओ लावून बसतो. शेरिल माझ्या रायफलकडे बघत होती.
मग रूडीने कात्री आणली. ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं, नाव-तारीख घालून कॅम्पच्या भिंतीला ठोकायचं, ही इथली रीत. चौदा टोकं आहेत भिंतीवर. त्यात माझं एकही नव्हतं.
रूडीने शर्ट धरला आणि थांबला. म्हणाला, वहिनी, हा वाल्फ्रिडचा आहे. दुसरा घाल, मी थांबतो.
मी म्हटलं, शर्ट तो शर्ट. काप.
कापला. कात्री बोथट होती, बराच वेळ लागला.

२४ नोव्हेंबर
विचार केला. दोष दुर्बिणीचा. होक्कानेनने जुळवली ती चुकीची. माझे बार जिथे मी मारले तिथेच गेले, दुर्बिणीने जागा वेगळी दाखवली. रायफल परत करणार आणि जुनी उचलून आणणार. हंगामाचे सहा दिवस बाकी आहेत. पुष्कळ झाले.

२५ नोव्हेंबर
डेलने दुकानात नेलं. मांडणीवर जुनी नव्हती. परवाच विकली म्हणाला होक्कानेन, खालच्या गावातल्या कोणीतरी नेली, भिंतीवर लावायला. भिंतीवर. चालवणार नाही ती. नाव कोरलेलं आवडलं म्हणे.
मी म्हटलं बरं. आणि नवीची तक्रार सांगितली.
होक्कानेनने नळीत डोकावून बघितलं. म्हणाला, पाच बारांनंतर एवढी स्वच्छ? मी सांगितलं, मी रोज पुसते, तुमच्यासारखी आळशी नाही. मग त्याने दुकानामागे नेऊन डब्यावर तीन बार काढले. तीनही लागले. त्याचा खांदा दर वेळी वीतभर मागे गेला, आणि आवाजाने डेल दचकला.
हल्लीच्या पुरुषांचे खांदे आणि कान, दोन्ही कामातून गेलेत.
परत घ्यायला तो तयार नाही. दुर्बीण बरोबर आहे म्हणतो. सगळे एकमेकांना सामील आहेत.

२७ नोव्हेंबर
आडोशात बसले. कोणी आलं नाही. थंडी बोटांना लागत नाही हल्ली, ही एक सोय झाली. खाली उतरताना शेरिलने हात पुढे केला. मी धरला नाही. मग पायरी चुकली तेव्हा धरला.

२९ नोव्हेंबर
रात्रीपासून पाऊस. बर्फ वितळतोय. बाहेर बसण्यात अर्थ नाही. शेरिल मात्र माझ्या आडोशाकडे गेली, हरणांसाठी उरलेली सफरचंदं पसरून येते म्हणाली. जागा बघायला गेली, दुसरं काय. उद्या शेवटचा दिवस. उद्या मारणार. हे नक्की.

३० नोव्हेंबर, दुपार
सकाळी बसले नाही. गुडघा दुखत होता. डेल बाहेर ट्रक भरत होता, रूडी झोपला होता. मी पॅस्टीचं, मांस भरलेल्या मोठ्या करंजीचं, पीठ लाटत होते, रूडीचं पीठ नेहमी चिवट होतं म्हणून.
शेरिल आत आली. पोळपाटावर पाच काडतुसं ओळीत ठेवली. आडोशाखाली सापडली, बर्फ गेल्यावर. पितळ ओलं होतं. प्रत्येकाच्या टोकाला गोळी. बुडाच्या टिकलीवर ठोका बसल्याची खूण नाही. अख्खी, जशी डब्यातून निघतात तशी.
 ती हळू आवाजात म्हणाली,
"आई, तुम्ही नुसता दांडा ओढत राहिलात. चाप ओढलाच नाही."
मग म्हणाली, होतं असं, तिलाही पहिल्या वर्षी झालं होतं. मोठं हरीण समोर आलं की काळीज असं धडधडतं की माणसाला वाटतं आपण बार काढतोय. पहिल्या वर्षी पोरांना होतंच.
मी बहात्तर वर्षांची आहे. मी म्हटलं, माझं काही धडधडत नाही.
ती म्हणाली, "डेलला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. भिंतीवरचं ते टोक काढून आणू का? बारच झाला नाही, तर नेम चुकला असं होत नाही. शर्टाला शिवून देते."
बराच वेळ लाटणं फिरवलं. पीठ पार पातळ झालं.
मी म्हटलं, राहू दे तिथे. चुकायला निदान चाप ओढावा लागतो.
आणि सांगितलं, पुढच्या वर्षीपासून दलदलीकडे तू बस. माझ्या मर्जीने देतेय, नियमाने नाही. तिथे ओल फार असते, माझ्या गुडघ्याला चालत नाही. ती बरं म्हणाली. खुश झाली नाही. मला वाटलं होतं होईल.

३० नोव्हेंबर, संध्याकाळ
पॅस्ट्या बऱ्या झाल्या. रूडीने तीन खाल्ल्या. नवी रायफल पुसायची नव्हती, तरी पुसली. काडतुसं कोरडी करून डब्यात ठेवली. वीसचा डबा. पुन्हा वीस भरली.