अप्पांची पंच्याहत्तरी, माझा फॉन्ट

१ नोव्हेंबर, शनिवार

कन्नड राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस. चौकात लाल-पिवळा झेंडा आणि सकाळपासून स्पीकर. आपणही मराठीसाठी काहीतरी करावं असं तीव्रतेने वाटलं. दुपारी संधी चालत आली. सासऱ्यांना, म्हणजे अप्पासाहेबांना, तीस तारखेला पंच्याहत्तर पूर्ण होतायत आणि पत्रिका छापायची आहे. माझी बायको रम्या म्हणाली, बोम्मसंद्राच्या प्रेसवाल्या शिवलीलाबाई नेहमीचं डिझाइन टाकून देतील. घरात सीनियर यूएक्स डिझाइनर असताना नेहमीचं डिझाइन! मी जबाबदारी घेतली. अप्पा म्हणाले, जावईबापू, तुम्हाला कशाला तोंदरे?

तोंदरे म्हणजे त्रास. यांची मराठी अशीच. घराणं साडेतीनशे वर्षं बंगळूरमध्ये राहिल्यावर दुसरं काय होणार. सुधारायला कोणीतरी हवं होतं. मी आठ वर्षांपूर्वी पुण्याहून आलोच आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

अप्पांकडून मजकूर आला. वहीच्या कागदावर, कन्नड अक्षरांत. रम्याने वाचून दाखवला तर भाषा मराठी निघाली. गंमतच. मजकूर असा: सोयरा गेल्यापासून घर गप्प झालंय. सगळे या. जेवा, बसा, बोला.

सोयरा म्हणजे माझ्या सासूबाई, सोयराबाई. जाऊन दोन वर्षं झाली. भावना पोचली, पण ही पत्रिकेची भाषा नव्हे. मी सुधारून ‘सहकुटुंब सहपरिवार उपस्थित राहून उत्सवमूर्तींस उपकृत करावे, ही विनम्र प्रार्थना’ असं केलं. रम्या म्हणाली, यात अप्पा कुठे आहेत? दुसऱ्या ओळीत, ठळक अक्षरांत. दाखवलं.

फॉन्टही ठरला. ‘कोरीव’. त्यातला ल आणि श अस्सल मराठी वळणाचा आहे, हिंदी धाटणीचा नाही. रम्या म्हणाली, पण आमच्याकडे हे वाचणार कोण? आजकाल पत्रिका कोणीच वाचत नाही हे खरं आहे. पण चांगला फॉन्ट असला की वाचतात, असं मी तिला सांगितलं. ती चहा करायला गेली.

४ नोव्हेंबर, मंगळवार

पत्रिकेला एवढं महत्त्व का, ते आज कळलं. अप्पांची मोठी बहीण, भागुबाई. होसकोट्याला असतात, वय एक्क्याऐंशी, सगळे त्यांना अक्का म्हणतात. सासूबाईंच्या तेराव्याला मानपानावरून काहीतरी बिनसलं, तेव्हापासून त्यांनी भावाच्या घरात पाऊल टाकलेलं नाही. आता निरोप आलाय की फोनवर बोलावलं तर मी येणार नाही. पत्रिका हातात ठेवा, मी वाचते, मग बघते.

अप्पांना बाकी कोणी आलं नाही तरी चालेल, अक्का हवी आहे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा हलला. मलाही वाईट वाटलं. त्यामुळे आता फॉन्टच्या बाबतीत तडजोड शक्यच नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्रेसला फाइल पाठवली. शिवलीलाबाईंचा फोन आला. म्हणाल्या, सर, तुमचा फॉन्ट आमच्याकडं नाही, अक्षरं सगळी विस्कटलीत, पीडीएफ द्या की. बेळगावकडच्या आहेत. मी समजावलं की पीडीएफ म्हणजे कुलूप लावलेली पेटी. हॉल अजून नक्की नाही, वेळ बदलू शकते. ऐन वेळी बदल करायचा तर फाइल ओपनच हवी. फॉन्ट माझ्याकडे आहे, पाठवतो.

दुपारी: फॉन्ट माझ्याकडे नाही. म्हणजे आहे, पडद्यावर दिसतो, टाइपही होतो. पण फाइल म्हणून तो कुठेच नाही. कंपनीच्या सबस्क्रिप्शनमधून तो नेटवरून आपोआप सिंक होतो आणि लॅपटॉपमध्येच कुठेतरी दडून बसतो. ‘कोरीव’ म्हणून सर्च दिला, काही मिळालं नाही. इंग्रजी स्पेलिंगने दिला, तरी नाही. शोधायला फार तर अर्धा तास लागेल. उद्या.

८ नोव्हेंबर, शनिवार

काल उद्या होऊ शकलं नाही. स्टँडअप मीटिंग होती.

आज मात्र मूळ कारण शोधून काढलं. फाइलच्या नावाआधी एक टिंब दिलं की कॉम्प्युटर ती दाखवतच नाही. लपवलेल्या फाइली दाखवायची तीन बटणं दाबली आणि डेस्कटॉपवर एकदम फिकट फिकट फाइलींची गर्दी उसळली. इतकी वर्षं ह्या सगळ्या माझ्यासोबत राहत होत्या आणि मला पत्ता नव्हता! त्यातल्या काही उघडच कचरा वाटल्या. डिलीट केल्या.

संध्याकाळी: घरचा प्रिंटर लॅपटॉपला ओळख दाखवत नाही. जुना झालाय. सुदैवाने पत्रिकेचा एक नमुना सकाळीच छापून ठेवला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

नमुना घेऊन एकटाच होसकोट्याला गेलो. रम्या म्हणाली होती, थांब, कन्नडमध्येही होऊ दे, मग जाऊ. पण कोरीवच्या शेजारी शोभेल असा कन्नड फॉन्ट मिळणं कठीण आहे आणि घाईत मी काही करत नाही.

अक्कांनी पाट मांडला, कॉफी दिली. पत्रिका हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. कुंकू लावलेल्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं. म्हणाल्या, चांगली दिसते रे बाबा. मी ल कडे लक्ष वेधलं. त्या बरं म्हणाल्या. मी विचारलं, मग येणार ना? त्या म्हणाल्या, वाचल्यावर सांगते. पत्रिका देवाजवळ ठेवली आणि कन्नड पेपर उघडून बसल्या.

बिचाऱ्यांची नजर गेलेली दिसते. पेपर मात्र चष्म्याशिवाय वाचत होत्या, तेही मधल्या पानावरच्या बारीक जाहिराती. सवयीचा भाग असावा.

परत आल्यावर पत्रिकेचा टाइप दोन पॉइंटने मोठा केला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सापडलं! लायब्ररीच्या आत सपोर्ट, त्याच्या आत सिंक करणाऱ्या ॲपचं फोल्डर, त्याच्या आत टिंब लावलेलं एक फोल्डर, त्यात आणखी एक टिंबवालं. सगळे फॉन्ट तिथे बसलेत. लपवणाऱ्यांनी फक्त एक खोडी करून ठेवली आहे: एकाही फाइलला नाव नाही, नुसते आकडे.

कुणीही गांगरला असता. मी तर्क लावला. देवनागरीत जोडाक्षरं भरपूर, म्हणजे फाइल जड असणार. सर्वांत जड फाइल उचलली, तिचं नाव ‘अप्पा फायनल’ ठेवलं आणि प्रेसला पाठवली. रम्याला सांगितलं की काम झालं. तिने विचारलं, खरंच? तिच्या या प्रश्नात अविश्वास होता असं मला वाटत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

शिवलीलाबाईंचा फोन. सर, सगळीकडं चौकटीच चौकटी आल्यात, डिझाइनच तसं हाय का? क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

सर्वांत जड फाइल जपानी निघाली. त्यांच्याकडे आपल्याहून जास्त अक्षरं असतात हे मला माहीत होतं, फक्त त्या वेळी आठवलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नवी कल्पना. सिंकमुळेच हे फॉन्ट लपतात, तर सिंकच बंद करायचं. पाठबळ गेलं की येतील बाहेर. ॲपमधून लॉगआउट केलं.

फोल्डर रिकामं झालं. सगळेच्या सगळे गेले. पत्रिका उघडली तर ‘उत्सवमूर्तींस’ची अक्षरं कुठल्यातरी सरकारी नोटिशीसारखी दिसायला लागली. शिवाय कंपनीच्या पाच स्क्रीनचा टाइपही उडाला आणि त्याच वेळी क्लायंटला डेमो होता. शलाकाने, म्हणजे आमच्या मॅनेजरने, मीटिंगमध्ये विचारलं की हे मुद्दाम आहे का. मी म्हटलं, मिनिमलिझम.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑफिसच्या आयटीतला योगीराज एचएसआर लेआउटला आमच्या घरी येऊन सिंक पुन्हा चालू करून गेला. निपाणीचा आहे. माझा उद्देश त्याला सांगितला. म्हणाला, सर, ते लपवलंय म्हणजे आपण उचलून कुणाला द्यायचं नसतंय. वापरायला दिलंय, वाटायला नाही. मी म्हटलं, हा सांस्कृतिक प्रश्न आहे. तो सरी, म्हणजे बरं, म्हणाला आणि चार्जर घेऊन गेला. चार्जर माझा होता.

आजच्या पिढीला मराठीची तळमळ नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

फायली परत आल्या, आता आकडेही बदललेले. एकेक उघडून बघतोय. मध्येच रम्या येऊन हॉलबद्दल काहीतरी बोलली. एचएसआरच्या हॉलला जिना आहे, अक्कांना झेपणार नाही, असं काहीतरी. मी हो हो म्हटलं. फाइल ओपन आहे, काय हवं ते कधीही बदलता येईल. ओपन फाइलचा आग्रह धरला होता तो याचसाठी.

ती जाता जाता म्हणाली, अप्पा थकलेत रे वाट बघून. मीही थकलोय, पण माझ्याबद्दल कोणी बोलत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

युरेका. ॲपमधले बाकी सगळे फॉन्ट बंद केले आणि फक्त कोरीव चालू ठेवला. आता लपलेल्या फोल्डरमध्ये एकच फाइल उरली. इतकं साधं! हे दोन आठवड्यांपूर्वी सुचलं नाही कारण तेव्हा मी खोलात विचार करत होतो.

फाइल प्रेसला पाठवली. घरी कोणी नव्हतं, म्हणून टाळ्या मीच वाजवल्या.

संध्याकाळी रम्या आणि अप्पा होसकोट्याहून आले. अप्पांचा चेहरा फुललेला. अक्का येते म्हणाली, एवढंच सोफ्यावर बसून तीनदा बोलले. डोळे पुसले. दोन पॉइंटचा फरक कुणाच्या आयुष्यात काय करू शकतो!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शिवलीलाबाईंना छपाईचं विचारलं. सर, पत्रिका कधीच गेल्या की, मॅडम येऊन घेऊन गेल्या, म्हणाल्या. रम्याची ही तत्परता मला आवडते. घरात टीपॉयवर मात्र कन्नड पत्रिकांचा गठ्ठा दिसला. शेजाऱ्यांसाठी असाव्यात. छपाई साधीच आहे. माझ्यावाल्या बहुधा वाटून संपल्या.

रम्याने विचारलं, रविवारचं सगळं पत्रिकेत आहे, बघितलंस ना? बघितलंस काय, मीच तयार केली आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

रम्या सकाळीच मदतीला गेली. मी सिल्कचा कुर्ता घालून अकराला एचएसआरच्या हॉलवर पोचलो. गर्दी चांगली होती. दारातल्या बाईंनी गुलाबपाणी शिंपडलं, आत बसवलं, केसरीभात दिला. अप्पा दिसेनात, पण उत्सवमूर्ती उशिराच येतात. शेजारच्या गृहस्थांना फॉन्टची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली. मग स्टेजवर पाळणा आणला आणि बाळाचं नाव ठेवलं.

रम्याला फोन केला. ती म्हणाली, अरे हॉल बदललाय, गवीपुरमला आहे, पत्रिकेत लिहिलंय. मी म्हटलं, माझ्या पत्रिकेत नाही. ती म्हणाली, तुझी पत्रिका छापलीच नाही.

ऑटोवाल्याने गवीपुरमला पोचवेपर्यंत फोटो झाले होते, पंगती उठत होत्या. अप्पा म्हणाले, जावईबापू, जेवलात का? मी हो म्हटलं. खोटं नव्हतं.

अक्का अप्पांच्या शेजारीच बसल्या होत्या, त्यांचा हात मांडीवर धरून. मांडीवर तीच कन्नड पत्रिका. मी रम्याला बाजूला घेऊन विचारलं, हे कन्नडमध्ये का? ती म्हणाली, कन्नड नाही, मराठीच आहे, लिपी फक्त कन्नड. आमच्या घरात देवनागरी फक्त आमच्या पिढीला येते, शाळेत हिंदी होतं म्हणून. अप्पांना नाही, अक्कांना नाही, इथे बसलेल्या निम्म्या लोकांना नाही. सुरुवातीलाच विचारलं होतं की तुला, वाचणार कोण.

अक्कांनी ऐकलं. मला जवळ बसवलं. म्हणाल्या, तुला वाचता येत नाही होय रे? स्वल्प इकडे सरक. आणि माझं बोट धरून एकेका अक्षराखालून फिरवत, पहिलीतल्या पोराला शिकवतात तसं, मोठ्याने वाचायला लागल्या. सोयरा गेल्यापासून घर गप्प झालंय. सगळे या. जेवा, बसा, बोला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज कापला आणि अप्पांनी मान खाली घातली. मला कुठे बघावं कळेना, म्हणून अक्षरांकडे बघत राहिलो. एकही ओळखू येत नव्हतं.

मागच्या खुर्चीवरच्या म्हाताऱ्यांनी रम्याला विचारलं, अळियाला, जावयाला, वाचायला येत नाही? रम्या म्हणाली, येतं, पण फक्त मराठी.

घरी आल्याबरोबर निश्चय केला. उद्यापासून कन्नड अक्षरं, रोज. मुळाक्षरांचं ॲपही डाउनलोड केलं. पण त्यातला फॉन्ट अगदीच सुमार आहे. आधी चांगला शोधतो, मग सुरू करतो.