धाकटीचा मुखवटा

१० ऑगस्ट
महालक्ष्म्यांची पेटी माळ्यावरून काढताना धाकटीचा मुखवटा माझ्याच हातून निसटला. कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा. आईंनी (सासूबाईंनी) तड्यावरून बोट फिरवलं आणि मुखवटा माझ्याच ओटीत ठेवला. थोरल्या महालक्ष्मीला एकटी कशी बसवणार? अमरावतीला देवमनजी म्हणून मूर्तिकार आहेत, त्यांचे मुखवटे बोलतात म्हणे. उद्या जाते. धाकटी जाऊ वैशाली सोबत येते म्हणाली. नको म्हटलं. वै. बरोबर असली की अख्खं अकोला तिच्याकडे पाहतं, मी आपली पिशव्या धरायला.

११ ऑगस्ट
सकाळच्या गाडीने बडनेरा, पुढे ऑटो. देवमनजी हात पुसत बाहेर आले. गोड माणूस. पण बोलताना नजर माझ्या तोंडावर, आणि दोन्ही अंगठे हवेत फिरत होते, कणीक मळल्यासारखे. फळ्यांवर मुखवटे वाळत घातलेले. प्रत्येकीला कुठेतरी भेटल्यासारखं वाटलं.

त्यांच्या बायकोने पाणी आणलं. पदर पार हनुवटीपर्यंत. ग्लास घेताना वाऱ्याने पदर उडाला, तोंड स्पष्ट दिसलं. आणि आता लिहायला बसले तर ती गोरी की सावळी, म्हातारी की तरणी, काही म्हणजे काही आठवत नाही.

मुखवट्याला घरातल्याच बाईचा चेहरा लागतो म्हणाले. घरात सगळ्यात चांगलं तोंड कोणाचं? मोबाइलवर वै.चा फोटो दाखवला. खूप वेळ बघत बसले. मग म्हणाले, "हिनं लावलेली टिकली आणजा. वापरलेली पायजे."
कशाला, ते मी विचारलं नाही. त्या बाईला पाहून सुद्धा.

१३ ऑगस्ट
न्हाणीतल्या आरशावर दोघींच्या टिकल्या चिकटलेल्या. वै.ची बारीक, मरून. नखाने काढून कागदात ठेवली. माझी शेजारीच होती. हात तिकडे गेला नाही. दुपारी अमरावतीला देऊन आले. घरी सांगितलं, माप द्यायला गेले होते.

२५ ऑगस्ट
आणला मुखवटा. काय रूप! आई म्हणाल्या, अगदी आपली वैशाली. वै. लाजली. थोडा वेळ मलाही खरंच आनंद झाला.

२९ ऑगस्ट
वै. ज्या साडीच्या दुकानात कामाला आहे तिथे मालकानेच तिला विचारलं, या ताई, काय दाखवू? घरी येऊन हसत सांगत होती. रात्री तिचा मोबाइल तिचा चेहरा ओळखेना, आकडे दाबून उघडला. मी कोथिंबीर निवडत होते. मान वर केली नाही.

१ सप्टें.
पूजन. सोळा भाज्या, पुरण, आंबील. सगळी कॉलनी दर्शनाला. वै.ची चिऊ, दीड वर्षाची, तिच्याच कडेवर नुसती आकांत करत होती, परक्या बाईने उचलल्यासारखी. मखरापाशी नेलं तर धाकटीकडे झेपावली. "आई," म्हणाली. बायका हसल्या, किती गोड! वै. पण हसली. हसली असावी.

आणि मी पुरणावर तूप वाढत राहिले. मुखवटा कोणी निवडला असं लोक विचारत होते, तर मी म्हटलं, मी. लाज कशी नाही वाटली. आता वाटतेय, तिचा काय उपयोग?

२ सप्टें., सकाळ
आज उत्तरपूजा. मग मुखवटे कापडात गुंडाळून पेटीत, ते पुढच्या भाद्रपदापर्यंत. गच्चीवर जाऊन देवमनजींना फोन केला. वै.चा चेहरा परत करा म्हटलं. नाही म्हणाले नाहीत. "जाते ना परत. पण साचा रिकामा नाही राहत. दुसरं तोंड द्या लागते. तुमचं चालते. पेटी बंद व्हाच्या आंदी फोनवर हो म्हनजा, तेवढं पुरते."
तुम्ही मला फसवलं, असं म्हणणार होते. त्याआधीच ते म्हणाले, "माह्या बायकोले तुमी पाह्यलं होतं त्या दिवशी. तरी टिकली आणली."
रागाने नाही. घरच्या माणसाशी बोलावं तसं. तेच जास्त लागलं.

२ सप्टें., संध्याकाळ
आरती झाली. वै. स्वयंपाकघरात माझ्याजवळ आली. "ताई, मी दिसत कशी होती? फोटो पाह्यते त कोणी दुसरीच वाटते. तुमाले आठवते का?"

आठवतं. डावी भुवई मधेच तुटलेली. हसताना वरचा ओठ उजवीकडून आधी उचलतो. नाकाच्या शेंड्यावर कांजण्यांचा एक वण, पावडरने झाकते. झोपून उठली की गालाला खळी नसते, चहा प्यायल्यावर पडते. सांगतच सुटले. लग्न होऊन आल्यापासून चोरून पाहतेय तिला, जळून जळून पाहिलंय, सगळं पाठ आहे. ती एकेक जागा बोटाने चाचपत होती.
"एवढं त माह्या मायनंही नसन पाह्यलं मले," म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेरून आईंनी विचारलं, पेटी लावू का? मी थांबा म्हणून ओरडले. काय झालं ते सगळे विचारताहेत, आईंनी दोनदा हाक मारली. फोन वहीशेजारी आहे. समोर स्टीलच्या पिंपावर माझं तोंड दिसतंय. कोणी वळून पाहावं असं काही नाही त्यात. तरी सोडवत नाही.