कोकमाएवढा रंग

आई, तुझा पांढऱ्या कपाळाचा मासा आजारी आहे. बाकी ख्यालीखुशाली राहू दे, आधी हेच सांगतो, कारण हे ज्याला सांगावं असं माणूस आता घरात नाही. तुला जाऊन एक तप उलटलं. तुझ्या सुनेने तुला फोटोतच पाहिलंय. पेणचं घर सोडलं तेव्हा मागच्या सिमेंटच्या टाकीतून त्याला काढून निळ्या ड्रममध्ये घातला आणि टेम्पोत ड्रमला मिठी मारून बसून इथे रोह्याजवळ, वरसेला आणला. आता तो हातभर लांब झालाय. केशरी रंग विटलाय, कपाळ मात्र तसंच पांढरं. काही दिवसांपासून तो टाकीच्या भिंतीला अंग घासतोय, मध्येच उसळी मारतोय, अंगावर दुधाच्या सायीसारखा थर दिसतोय. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला व्हिडिओ पाठवला, तर तो म्हणाला, कल्ल्यांत किडे झालेत, पोटॅशियम परमँगनेटची आंघोळ घाला. विहिरीत टाकतात ते जांभळं औषध, आपल्या घरातलं लाल औषध.

आंघोळ म्हटल्यावर मला आपलं स्वयंपाकघरच दिसायला लागलं. रविवार आहे. आठवडाभर शाळेत विज्ञान शिकवून तुझं समाधान होत नाही, म्हणून तू जमिनीवर मोठा टोप मांडून पाटावर बसली आहेस. टोपात टाकीतलंच पाणी, त्यात मिठागरातलं खडे मीठ. मी जाळी घेऊन मागच्या टाकीभोवती नाचतोय, मासा इकडून तिकडे, मी तिकडून इकडे, निम्मं पाणी अंगणात. तू पदर खोचून बाहेर येतेस आणि जाळी माझ्या हातातून हिसकावून घेतेस. "अरे, रोगाने नाय मरायचा तो, तुझ्या या धिंगाण्याने मरेल!" शाळेत शुद्ध बोलणारी तू, चिडलीस की तुझं 'नाय' बाहेर पडायचं आणि मला हसू यायचं. मग दोन्ही तळव्यांत त्याला अलगद उचलून तू टोपात सोडलास आणि मला शेजारी बसवलंस. त्याच्या कल्ल्याची झापडं बघ म्हणालीस. आत्ता भराभर हलतायत ना, तो घाबरलाय. हे आपल्या भल्यासाठी चाललंय हे त्याला कुठे माहीत? त्याला एवढंच कळतं की पाणी बदललं. झापडं हळू झाली तर आंघोळ मानवली, नाही झाली तर पुस्तकात काहीही लिहिलेलं असो, काढायचा. तेव्हा मला वाटलं होतं, एका माशासाठी केवढं हे कौतुक! माझ्या तापाला तू इतका वेळ दिला नव्हतास, आणि हे मी तुला तोंडावर म्हणालोही होतो. 

पांढऱ्या कपाळाचा आला तोही दिवस आठवतो. बोटाएवढा होता. पनवेलहून एसटीने येताना त्याची पाण्याची पिशवी तू मांडीवर घेऊन पदराखाली झाकली होतीस, अंधारात मासा शांत राहतो म्हणून. कंडक्टरने विचारलं, "बाई, पदराखाली काय लपवून नेताय?" तू म्हणालीस, "हाफ तिकीट लागणार नाय एवढं लहान हाय." अख्खी गाडी हसली. मी लाजेने खिडकीबाहेर बघत बसलो. आज तीच गोष्ट मी शिफ्टमधल्या लोकांना चवीने सांगतो.

आता झालं काय ते ऐक, आणि रागावू नकोस. निदान तुझ्या सुनेवर तरी नको. परवा माझी दिवसपाळी होती. मासा सकाळपेक्षा जास्त घासतोय असा तिचा फोन आला आणि मला धीर निघेना. मी म्हटलं, मी येईपर्यंत थांबू नकोस, टबात पाणी घे, औषधाची चिमूट दुसऱ्या भांड्यात विरघळव आणि थोडं थोडं टबात ओत, कोकमाएवढा रंग आला की थांब. तू लाल औषध घालायचीस तेव्हाचं तुझंच माप. दुसरं मला माहीतच नाही. आपल्याकडे कोकम म्हणजे सरबत, आणि तेही तुझ्या हातचं, जे पिऊन मावशी म्हणायची, पाण्याला नुसतं कोकम दाखवलंस का गो? तिच्या माहेरी तसं नाही. तिकडे कोकम म्हणजे बाटलीतलं आगळ, घट्ट, काळपट लाल. त्यात पाणी घातलं की ते सरबत. तिने माझा शब्द तंतोतंत पाळला आणि आगळाएवढा रंग होईपर्यंत औषध ओतत राहिली.

थोड्याच वेळात पुन्हा फोन. "अवो, ह्यो तोंड वर काढून भकाभका करतोय. आडवा व्हतोय. काय करू?" मी काही बोलायच्या आत फोन ठेवून तिने त्याला हातांनी उचलून साध्या पाण्याच्या पिंपात सोडला आणि हवेचा पंप लावला. मी घरी पोचलो तो ओरडतच. कसल्या कोकमाएवढा रंग केलास म्हणून विचारलं, तर ती स्वयंपाकघरातून बाटली घेऊन आली आणि माझ्या नाकासमोर धरली. "ह्याच्याएवढा. तुमच्यात पाण्यालाच कोकम म्हणतात ते मला कोणी सांगितलं व्हतं?" आणि रडायला लागली. मलाही रडू आलं, पण मी पंपाची नळी नीट करत बसलो.

तेव्हापासून तो पिंपाच्या तळाशी आहे. पंख अंगाशी मिटलेले, त्यांच्या कडा तपकिरी. पिंपावर ओलं पोतं टाकलंय. मी सारखा ते उचलून बघतो, झापडं मोजल्यासारखी बघतो, पोतं टाकतो, चार पावलं जातो, परत येतो. जेवण जात नाही. ती म्हणते, "त्याला जरा पडू द्या की. सारखं उजेड पाडून घाबरवताय." खरंच आहे. दुकानदार म्हणतो, किडे पुरते मेले नसतील, आजच दुसरी आंघोळ द्या, नाहीतर कल्ले सडतील, यावेळी मात्र औषध बेताचं. न द्यावी तर रोगाने जाईल, द्यावी तर आंघोळीनेच जाईल. आज माझी दुसरी पाळी आहे, निघायच्या आत ठरवायला हवं. तिने तर साफ सांगितलंय, "मी त्याला परत औषधात टाकणार नाय." तू असतीस तर एकदा वाकून बघितलं असतंस आणि हो की नाही ते सांगून भात टाकायला गेली असतीस. मला ते जमत नाही. मला कल्ले दिसतात, पण ते काय म्हणतायत ते कळत नाही.

मघाशी टबात पाणी भरलं होतं, औषधाची डबी उघडली होती. पोतं उचललं. झापडं अजून भराभरच हलत होती. मी डबी बंद केली. मूठभर खडे मीठ पिंपात सोडलं आणि दुकानदाराचा फोन आला तो घेतला नाही. बरोबर केलं की चूक, देव जाणे. उद्यापर्यंत कळेलच.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? लिहून झालं की घडी करून पँटच्या खिशात राहील आणि पँट धुलाईला गेली की विरून जाईल. पण एक सांगून टाकतो, हिलाही सांगितलेलं नाही. लोकांना वाटतं, म्हाताऱ्या माशाचा याला एवढा काय लळा! लळा माशाचा नाहीच गं. तू भाताची शितं तळहातावर घेऊन पाण्यात हात सोडायचीस आणि तो येऊन खायचा. तो गेला, तर तुझ्या हातचं खाल्लेला या घरात मी एकटाच उरेन.